किलोचा भाव

डहाणू ते घोलवड पट्ट्यात जिथे चिकूची वाडी आणि वाडीत खुर्ची, तिथे शेठ असतातच. त्यांचं आयुष्य वाडीवर गेलं, बहुतेक बसून. चिकू उतरवायला तलासरीची माणसं, तोलायला मेहताजी, विकायला दलाल. स्वतःकडे ठेवलेलं काम एकच, जेवणाचं. त्यात मात्र कधी कुचराई नाही. थंडीत उकडहंडी, एरवी पापलेट, मधल्या वेळी मस्कापाव.

मार्च २०२५मध्ये मौंजारो भारतात आलं आणि शेठनी वजन उतरवायचं कामही बाहेर दिलं. औषध मूळचं मधुमेहाचं, लठ्ठपणालाही चालणारं. आठवड्यातून एकदा टोचायचं. आतड्यातल्या हार्मोनांची नक्कल करून ते भूक मंद करतं, जठरही सावकाश रिकामं होतं. शेठच्या शब्दांत, "ताटात बोंबील, मनात एकादशी!"

व्यापारी माणूस, लगेच हिशेब मांडला. लहान मात्रेची कुपी तेव्हा ३,५०० रुपये, महिन्याच्या चार, म्हणजे १४,०००. उतरले दोन किलो. "किलोला सात हजार! घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, तरी हा भाव नाही. जीआय माझ्या पोटालाच द्यायचं!"

मळमळ झाली, पोट साफ होईना, तरी शेठ खूश. डॉक्टर म्हणाले, "चाला, थोडा व्यायाम करा, डाळ-अंडी खा. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील." शेठ चकित. "चालायचंच होतं, तर सुई कशाला घेतली?"

चिकू निवडणाऱ्या बाईलाही त्यांनी कौतुकाने भाव सांगितला. ती हात न थांबवता म्हणाली, "आमच्या पाड्यावर पावसाळ्यात फुकट उतरतं, शेट."

"आणि परत चढतं?"

"भात घरात आलं की."

परत चढणं शेठनाही चुकणार नाही. याच जातीच्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. डॉक्टरांनी हे सांगताच शेठ उसळले, "माल परत येतो, तर पैसे का नाही येत?"

तेव्हा वाचकहो, गरज असेल तर डॉक्टरांना विचारून सुई जरूर घ्या. फक्त खुर्चीवरून उठवणारी सुई अजून बाजारात आलेली नाही, ते काम स्वतःलाच करावं लागतं.