दुपारची पाळी

(रविवार, दुपारचे अडीच. परळच्या एका टॉवरमधला फ्लॅट. सासू चटईवर, डाव्या कुशीवर. सून सोफ्याच्या कडेला, मांडीवर मेथीची जुडी.)

सासू : अगं, पड ना जरा.

सून : पडलेच आहे की, आई.

सासू : ही पडायची पद्धत? लोकलमध्ये चौथी सीट मिळाल्यासारखी टेकली आहेस. मेथी ठेव आधी.

सून : एवढी निवडते आणि पडते.

सासू : मग लसूण सोलशील. मग वाळलेले कपडे काढशील, मशीनमध्ये दुसरे टाकशील...

सून : (ओशाळून) टाकलेत.

सासू : बघ!

सून : काय करू? पाठ टेकली की डोक्यात यादी सुरू होते. म्हणून तर ते ध्यानाचं ॲप घेतलं. रोज दहा मिनिटं शांत बसायचं. एक दिवस जरी चुकला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सासू : मग बसतेस का?

सून : काल रात्री पावणेबाराला आठवलं. धावत जाऊन शांत बसले.

सासू : अरे देवा!

सून : तुम्हाला नाही हो काही वाटत, दुपारी झोपताना?

सासू : वाटतं ना. पंखा एकाने वाढवावासा वाटतो.

सून : पण दिवसा झोपू नये म्हणतात. आयुर्वेदातच आहे.

सासू : उन्हाळ्यात चालतं, हेही तिथंच आहे.

सून : ऑक्टोबर आहे, आई.

सासू : ऑक्टोबर हीट म्हणता ना? मग झालं तर! हे बघ, हा टॉवर उभा आहे ना, इथल्याच गिरणीत माझे वडील साचा खात्यात होते. रविवारी दुपारी घरात भांडं आपटलं तरी खपायचं नाही त्यांना. म्हणायचे, हा वार फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मागून घेतलाय. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या त्यांनी. नुसता रविवार नव्हे, रोज दुपारी अर्धा तास विश्रांतीही मागितली.

सून : मग दिली मालकांनी?

सासू : मालक कसले देतात! रविवारच्या सुट्टीलाच १० जून १८९० उजाडला.

सून : सहा वर्षं?

सासू : पण मालक समोर तरी होते, भांडता आलं. तुझं अवघड आहे बाई. भोंगा तूच, मुकादम तूच आणि साच्यावर उभीही तूच. अर्ज करणार कुणाकडे?

सून : (हसत आडवी होते.) तरी अपराधी वाटतंच हो.

सासू : वाटू दे की. आडवं पडून वाटू दे.

(आतून दणदणीत जांभई.)

मुलगा : चहा झाला का?

सून : बघा! जेवल्यापासून झोपलाय. ह्याला नाही काही वाटत!

सासू : वाटतं तर. चहा हवासा वाटतो. (मोठ्याने) आज संप आहे रे! तूच टाक, तीन कप.

(आत बराच वेळ शांतता. मग भांड्यांचा खणखणाट.)

मुलगा : साखर कुठेय?

(सून उठू लागते. सासू तिची ओढणी धरते.)

सासू : सापडेल त्याला.

सून : अहो आई, दोन्ही डबे सारखेच आहेत. एकात मीठ आहे!

सासू : मग पहिला कप त्यालाच पिऊ दे. पड तू.