एम्माचं सुतारकाम

वाफेच्या इंजिनावर लाकडाची खोली बांधायची कल्पना ज्याने पहिल्यांदा घरी बोलून दाखवली असेल, त्याला घरच्यांनी नक्कीच वेड्यात काढलं असणार. समोर धगधगती भट्टी, वर ठिणग्या उडवणारं धुराडं, आणि ड्रायव्हरला बसायला काय, तर लाकडी घर, तेही खिडक्याबिडक्यांसकट! पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हे सर्रास चालायचं. त्याआधीची इंजिनं उघडीच असत आणि तिकडच्या थंडीत माणसं गारठून जात. लोखंडी पत्रा हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात तवा. लाकूड त्या मानाने समंजस. शिवाय इंजिन घसरून या खोलीचा, म्हणजे कॅबचा, चुराडा झालाच, तर नवी ठोकून द्यायला सुतार कुठेही मिळे.

कुठल्याशा बागेत वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन पुन्हा जिवंत करायला घेतलं की पहिली शोकसभा या लाकडी कॅबचीच भरते. बॉयलरच्या वाट्याला मात्र कायदा येतो. तिकडच्या नियमाप्रमाणे इंजिन 1,472 दिवस वापरलं किंवा 15 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा बॉयलर उघडायचा, आतून साफ करायचा, पत्र्याची जाडी मोजून दाखवायची. योग्यच आहे, बॉयलर फुटल्यावर खुलासा द्यायला कुणी उरत नाही. पण कॅबच्या चौकटीचा सांधा खरोखर घट्ट आहे, की आत लांबी भरून वरून रंग फासलाय, हे वाकून बघायला कोणी साहेब येत नाही. आणि नेमके तिथेच इंजिन दुरुस्त करणारे बिनपगारी स्वयंसेवक हटून बसतात.

खिडकीचा एक खांब घ्या. पोटातून भुसभुशीत, बोट लावलं की भुगा. पण तो फेकायचा नाही, कारण आता तोच नमुना. खाचेत अडकलेलं कुसू न मोडता बाहेर काढायचं, माप घ्यायचं, तसंच नवं कुसू पटाशीने काढायचं. गुण्या लावून पाहावं तर कोपरा काटकोनात नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुताराची चूक म्हणावी, तर ती चूक नसतेच. तो चौकोनी खोली गोल बॉयलरभोवती बसवत होता. त्यातून बॉयलर तापला की मागे सरकतो. जेमतेमच, पण सरकतो. नवशिका स्वयंसेवक बॉयलरला लागून फळी अगदी चपखल बसवतो, स्वतःवर खूश होतो, आणि मग एखादे जुनेजाणते आजोबा काही न बोलता त्याच्या हातात रंधा देतात.

आपल्याकडे स्टेशनबाहेर चौथऱ्यावर चढवलेल्या इंजिनांना हा त्रास नाही. वरिष्ठांचा दौरा ठरला की गंजावरच ऑइलपेंटचा हात, आणि चाकांना पांढरी कड. काम दुपारच्या जेवणाआधी संपतं.

कोलोरॅडोतल्या ड्युरांगो गावच्या रेल्वेवेड्यांनी 1895 सालचं 315 नंबरचं इंजिन असं हाताने सांभाळत 2007 साली पुन्हा वाफेवर आणलं. इथे कोणीही हात झटकून घरी गेला असता. यांनी पुढचं इंजिन आणलं ते अख्खं लाकडाचं!

त्याची कथा अशी. ‘अ टिकिट टू टॉमाहॉक’ हा सिनेमा 1950 साली आला. (मेरिलिन मन्रो त्यात आहे, अजून ‘ती’ मेरिलिन व्हायची होती, म्हणून कोरसात.) त्यातल्या ‘एम्मा स्वीनी’ या इंजिनाचं काम रिओ ग्रँड सदर्न रेल्वेच्या 20 नंबरच्या, 1899 सालच्या खऱ्या इंजिनाने केलं. पण कथेत मध्येच रूळ संपतात आणि खेचरं जुंपून इंजिन डोंगरातून ओढून न्यावं लागतं. खऱ्या इंजिनापुढे खेचरांनी राजीनामे दिले असते. म्हणून स्टुडिओने त्याच मापाची लाकडी जुळी बहीण बनवली. पुढे तिने ‘पेटिकोट जंक्शन’ या टीव्ही मालिकेत स्टुडिओतल्या प्रसंगांत काम केलं, मग कॅलिफोर्नियातल्या जॅक्सन गावी ऊनपाऊस खात राहिली, आणि शेवटी ड्युरांगोकरांच्या हाती लागली.

म्हणजे बघा, बॉयलर नाही, वाफ नाही, 1,472 दिवसांची कटकट नाही. तपासणीला येणार ते फक्त किडे आणि पाणी. जिथे सगळंच खोटं, तिथे थोडं जास्त खोटं खपून गेलं असतं. तरी या माणसांनी कुजलेलं लाकूड काढलं, नवं बसवलं, रंग दिले. आता रंग कुठले? रेल्वे कंपनीच्या दप्तरात एम्माची नोंद असणार कशी? पुरावा एकच, टेक्निकलर सिनेमा. इतिहास शोधायला पडद्याकडे बघायचं, हे एरवी मला मुळीच पटत नाही. आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांनी ती श्रद्धा केव्हाच संपवली आहे. पण इथे सिनेमा हीच अस्सल बखर!

एम्मा आता ड्युरांगोच्या सांता रीटा पार्कात उभी असते. तिची खरी बहीण, नंबर 20, भंगारात जाता जाता वाचली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेप्रेमींच्या एका क्लबाने ती विकत घेतली, आणि पुष्कळ वर्षांच्या डागडुजीनंतर 2020 साली ती गोल्डन गावच्या संग्रहालयात पुन्हा धावू लागली. सिनेमातली एम्मा मीच, असं म्हणायचा हक्क दोघींनाही आहे. एकीने धावायचं काम केलं, दुसरीने ओढून घ्यायचं. मोबदला दोघींनाही मिळाला नाही. त्या काळात खेचरांना चारा तेवढा मिळाला असेल.