गडग्यावरच्या गप्पा

(आमोणे, २२ ऑक्टोबर २००८. सकाळचे आठ.)

"माई, मध्यरात्री तुमच्या गच्चीवर बॅटरी कुणाची हो फिरत होती? मला वाटलं, चोर!"

"चोर कसला वहिनी, आमचा बाबू! पहाटे टीव्हीवर चांद्रयान उडताना बघायचं म्हणून जागा, तर म्हणे तोवर विजांचे फोटो काढतो."

"गडगडाटात गच्चीवर?"

"कान धरून खाली आणला. मग बाल्कांवात स्टँड लावून बसला. कॅमेऱ्याची झडप वीस-तीस सेकंद उघडी ठेवायची म्हणे, मधे चमकली तर आपसूक उमटते. चमकल्यावर बटण दाबलं तर नुसता काळोख."

"मिळालं काही?"

"बहुतेकांत आमचा माड! एकात मात्र मांडवीपलीकडे, खांडोळ्याच्या अंगाला उतरलेली वीज. फांद्याफांद्यांची. खाली नदीत बार्जसुद्धा दिसते."

"आणि यान?"

"उडालं, सहा बावीसला! श्रीहरिकोट्यालाही चार दिवस पाऊस नि विजा. आपला पाऊस आवरतो तेव्हा त्या किनाऱ्याचा खरा सुरू होतो."

"मग दिवाळीनंतर उडवायचं. घाई कसली मेली!"

"तिकडे डिसेंबरपर्यंत पाऊसच. आणि बाबू म्हणतो, रॉकेटला पावसापेक्षा विजेची भीती. १९६९ साली अमेरिकेने अपोलो १२ पावसात सोडलं, तर मिनिटाच्या आत दोनदा वीज बसली. एवढं लांब रॉकेट, मागे धुराजाळाचं शेपूट. ढगातून जाताना त्यानेच वीज ओढून घेतली."

"अगं बाई! माणसं होती आत?"

"तिघं. दिवे लागले, यंत्रं बंद पडली, तरी दोघं चंद्रावर उतरून आले. आपल्या यानात माणूस नाही, ते एक बरं."

"वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर मात्र भिजला हो. कागद सगळा सुटलाय, नाक तर गळूनच पडलं. चतुर्दशी तोंडावर आली, आता रात्रभर पुन्हा खळ लावत बसतील आणि आपल्याला झोपू देणार नाहीत. ते जाऊ दे, बाबूने रॉकेटचा फोटो काढला की नाही?"

"काढला ना, टीव्हीवरून. रॉकेट पुसट, आमची ट्यूबलाइट लख्ख!"

"बरं माई, रात्रीच्या वाऱ्यात तुमच्या माडाचे नारळ आमच्या आवारात पडलेत."

"पाठवते बाबूला."

"कशाला उगाच? रात्रभर जागलाय पोर, झोपू दे. सोललेसुद्धा मी."