एम 51 दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पाहुण्यांना एम 51 ही सर्पिल दीर्घिका दाखवायची, तर एप्रिल-मे महिना, अमावास्येच्या आसपासची रात्र आणि एक काका लागतात. काका प्रत्येक आकाशदर्शनाला असतातच.

जागा सोपी आहे. सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठाकडून मरीचीपर्यंत यावं, ध्रुवाच्या विरुद्ध बाजूला साधारण काटकोनात वळावं आणि ताठ हाताची दोन बोटं मोजावीत. एवढ्यासाठी काकांना पाऊण तास लागतो. त्यांना मध्येच ‘थोडं डावीकडे’ सांगू नये.

अंतर विचारलं की काका ‘2.8 कोटी प्रकाशवर्षं’ म्हणतात, तेही टेपनं मोजून आल्यासारखं. वेगवेगळ्या पद्धतींनी उत्तरं 2.3 ते 3.1 कोटींपर्यंत येतात. ऐंशी लाखांचा हा फरक काकांच्या कानावर घालायचाच असेल, तर दुर्बीण आवरून झाल्यावर.

इतिहास मात्र काकांकडूनच ऐकावा. खगोलनिरीक्षक मेसिएनं 1773 मध्ये ही दीर्घिका नोंदवली, तेव्हा तो निव्वळ धूसर डाग होता. सर्पिल भुजा दिसल्या 1845 मध्ये, आयर्लंडच्या बर किल्ल्यात, लॉर्ड रॉस यांना. त्यांच्या दुर्बिणीचा आरसा 72 इंची, धातूचा, टनावारी वजनाचा; बाजूंच्या उंच भिंतींमुळे दुर्बीण डावी-उजवीकडे जेमतेम वळायची. कॅमेऱ्याची सोय नव्हती, म्हणून रॉसनी त्या भुजा हातानं रेखाटल्या. इथं काकांचा आवाज कापरा होतो. होऊ द्यावा.

शेजारची एनजीसी 5195 ही छोटी दीर्घिका एम 51ला गुरुत्वानं ओढते. भुजा इतक्या ठळक होण्यात आणि भराभर तारे जन्मण्यात त्या ओढाताणीचा हात आहे, असं मानतात. 1994, 2005 आणि 2011 मध्ये इथं अतिनवतारे फुटलेले दिसले.

हबल अवकाश दुर्बिणीचा 2005 सालचा गुलाबी-निळा फोटो पाहुण्यांना आधी अजिबात दाखवू नये. आठ इंची दुर्बिणीत दिसतात ते दोन राखाडी ठिपके, आणि मग ‘एवढंच?’ हा प्रश्न येतो. काकांना तो लागतो.

खरी युक्ती नजरेची आहे. वीस-तीस मिनिटं अंधारात काढावीत, मोबाइल खिशात ठेवावा आणि ठिपक्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघावं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूत नसतात, भोवताली असतात. आकाश खरंच काळं असेल, तर अशा वेळी भुजांची चाहूल लागते. हे काका प्रत्येक मुलाला न कंटाळता सांगतात. शेवटचं पोर बघून होईपर्यंत स्वतः डोळा लावत नाहीत.

रांगेतून ‘शनी कधी?’ असं कोणीतरी विचारणारच. त्याची वेळ वर्षागणिक बदलते, ती घरूनच बघून यावी.