चिठ्ठीतली पकड

आमच्या गडब गावात संध्याकाळी कबड्डीचा सराव सुरू झाला की आधी शिट्टी नाही, खडखडाट ऐकू येतो. खेळाचे सर बिस्किटांचा रिकामा डबा हलवत असतात. डब्यात चिठ्ठ्या. ‘घोटा’, ‘पट’, ‘साखळी’, ‘ब्लॉक’. त्या नीट मिसळाव्यात म्हणून आत दोन खडे. चढाईवाल्यानं मध्यरेषा ओलांडली की सर चिठ्ठी काढणार, वाचणार आणि पोरांनी नेमकी तीच पकड करायची. चढाई असते तीस सेकंदांची. सरांचा चष्मा खिशातून निघेपर्यंत वीस संपतात. तोवर चढाईवाला बोनस घेऊन, कोपऱ्यातल्याला बाद करून परत गेलेला असतो.

पूर्वी सर असे नव्हते. शिट्टी, दम आणि मैदानाला दहा फेऱ्या, एवढंच त्यांचं शास्त्र. मग एका सुट्टीत कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना वही घेऊन आले. त्या वहीत पहिल्या पानावर आहेत केर आणि बूथ. या दोन संशोधकांनी 1978 साली आठ वर्षांच्या पोरांकडून पुरचुंड्या फेकून घेतल्या. एक गट बारा आठवडे तीन फुटांवर नेम धरत होता. दुसरा फक्त दोन आणि चार फुटांवर. तीन फुटांवर एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवर झाली आणि सरस ठरला दुसरा गट.

हे वाचल्यापासून आमच्या पोरांना खऱ्या मापाचं मैदान दिसलेलं नाही. सोमवारी अरुंद, बुधवारी लांबुळकं. सामन्याच्या दिवशी तीन पोरं आपली आपण रेषेबाहेर गेली, तेव्हा सर खूश. म्हणाले, “सरावात चुकायला हवं. सोपं गेलं म्हणजे शिकणं झालं नाही.” हे मूळ म्हणणं रॉबर्ट ब्यॉर्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं. पण हा सराव नाही, सामना आहे, हे कोण सांगणार?

पालकसभेत मीच कुरकूर केली. सरांनी वही उघडली. इंग्लंडातल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवलं होतं म्हणे. रोज एकच तास शिकणारे सगळ्यात कमी तासांत तयार झाले, आणि सगळ्यात नाराजही तेच होते. सरांनी माझ्याकडे बोट केलं. “तुम्ही नाराज आहात ना? म्हणजे बरोबर चाललंय.” या युक्तिवादाला उत्तर नाही. ‘थोडं थोडं, खंड पाडून शिकावं’ हा मुद्दा त्यांनी आम्हाला त्याच सभेत सलग दीड तास समजावला.

खंडाचंच म्हणाल, तर आमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011पासून खंड पाडपाडूनच चाललंय. त्या हिशेबानं रस्त्याला एव्हाना सगळं तोंडपाठ असायला हवं.

सरांना मात देऊ शकले असते ते एकटे आमच्या आळीतले आजोबा. एकदा पारावर सहज म्हणाले, “आमी हुतूतू खेळायचो ते कापणी झालेल्या शेतात. आज बांधाजवळ, उद्या मध्ये. कुठं भेगा, कुठं चिखल, कुठं भाताचा खुंट पायात. अंधार पडला की अंगाच्या वासावर माणूस धरायचा.” सर ताडकन उठले. वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि ओरडले, “आजोबा, हेच ते! बदलता सराव!”

आजोबांनी तपकीर ओढली. “असंल. पन तवा शेत एकच व्हतं, मैदान कुठून आणनार?”

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावाशी सामना झाला. शेवटची चढाई, दोन गुणांची पिछाडी. डबा घाईघाईत घरी राहिलेला. सर खिसे चाचपत होते, जुन्या बसच्या तिकिटामागे काही लिहिता येतं का बघत होते. एवढ्यात आरडाओरडा झाला. माझ्या पोरानं आडवं पडून चढाईवाल्याचा घोटा धरला होता, वरून दोघांनी साखळी टाकली होती, आणि तो मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे हात आपटत होता.

सामना तरी एका गुणानं गेलाच. पण सर धावत आले, पेन उघडंच.

“कुठली पकड होती रे? नीट आठवून सांग, आठवल्यानं पक्कं होतं.”

पोरानं कोपरावरची माती झटकली. “चिठ्ठीत नव्हती, सर.”