यंत्राला खुलासा, माणसाला हेलपाटा

जीमेलमधल्या पत्रांची यादी काढायचं टूल एआय एजंटाच्या हाती द्यायचं, तर आधी सगळं फोडून लिहावं लागतं: आकडा सांगितला नाहीस तर एका खेपेला १०० नोंदी, मागितल्यास फार तर ५००, पुढच्या हव्यात तर पुढच्या पानाचं टोकन दाखव, यादीत मिळतील ते नुसते क्रमांक, मजकुरासाठी वेगळी मागणी कर. भूम तालुक्यातल्या ईटच्या माणसाला यात नवं काय? कचेरीत अर्ज आवक नोंदवहीत चढतो, हाती क्रमांक पडतो, पुढचं टेबल कुठलं ते शिपायाला विचारायचं. एजंटाची एसटी चुकत नाही, रोजगार बुडत नाही, तरी त्याच्यासाठी पानभर सूचना. माणसाला मात्र न सांगताच सगळं कळतं, अशी कचेरीची श्रद्धा आहे!