चालून राह्यली ना, मंग?

मोटरसायकलची चेन किती टिकते, हा प्रश्न आमच्या सौसर तालुक्यातल्या मोहगावात कुणाला विचारू नये. उत्तर मिळत नाही म्हणून नव्हे, फार मिळतात म्हणून. अर्धनारीश्वराच्या देवळाबाहेर गाड्या लावून बसलेल्यांत एक जण म्हणतो, चेन गाडीच्या जन्माची असते. दुसरा दोन पावसाळे देतो. तिसरा विचारतो, "तुटली काय?" नाही म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपतो. "चालून राह्यली ना जी? मंग कायले हात लावता!"

गाडीसोबत एक पुस्तक मिळतं. आमच्याकडे ते आरसीच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित असतं आणि गाडी विकताना पुढच्या मालकाला जसंच्या तसं मिळतं. त्यात लिहिलेलं असतं की चेन वरचेवर साफ करून तेल द्यावं, पावसात तर जास्तच वेळा. खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवून पाहावी. साध्या गाडीला साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील असावी. चाक फिरवत जिथे चेन सर्वात घट्ट लागते तिथे हे मोजावं, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. मी मिस्त्र्याला मोजपट्टी देऊ केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं, आणि बुटाच्या टोकाने चेन दाबून म्हणाला, "बराबर आहे." तो बूट किती मिलिमीटरचा होता याची नोंद कुठे नाही.

चेन ताणून लांबते, अशीही एक सार्वत्रिक समजूत आहे. पोलादी पट्ट्या अशा ताणल्या जात नाहीत. आत पिन असते, पिनेभोवती बुश, बुशभोवती फिरणारा रोलर. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरात ही रचना केली आणि सौसर तालुक्यातल्या यच्चयावत गाड्या आजही तिच्यावरच पळतात. तेल आटलं की पिन आणि बुश एकमेकांना खात बसतात. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते, तिची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ११२ कड्यांची चेन धरली तर लांबी होते सुमारे १४२२ मिलिमीटर. प्रत्येक सांध्यात पाव मिलिमीटर झीज झाली की एकूण लांबी २८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे दोन टक्के. साधारण इथेच चेनचं आयुष्य संपलं असं धरतात.

आता आपल्याकडची पद्धत बघा. चेन लोंबायला लागली की मागचं चाक मागे सरकवतात. सरकवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या असतात. आमच्याकडे एका बाजूची खूण चिखलाखाली आणि दुसऱ्या बाजूची मिस्त्र्याच्या भरवशावर असते. चाक मागे गेलं की मागचा ब्रेकही आपोआप आवळला जातो, तो परत ढिला करायचा असतो, हे गिऱ्हाइकाला घरी पोचल्यावर गरम ड्रमच्या वासावरून कळतं. चाक सरकवायला जागा उरली नाही की मिस्त्री उदार होतो. "नवी कायले टाकता? एक कडी काढून देतो." एक कडी निघत नाही. आतली आणि बाहेरची अशी जोडीच काढावी लागते, म्हणजे नेमका एक इंच, २५.४ मिलिमीटर. वरचा २८ चा आकडा आठवा. ज्या दिवशी चेन पुस्तकाप्रमाणे मरायला टेकलेली असते, त्याच दिवशी आम्ही तिला कापून छोटी करतो आणि तरुण झाली म्हणून पुन्हा जुंपतो. अशा चेनवर सहा महिने काढलेली माणसं मला कौतुकाने भेटतात.

तेलाबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे पुरतो. गाडी चालवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं, म्हणजे चाक फिरताना ते आतून बाहेर जातं. थोडा वेळ थांबून वरचं पुसायचं. आमच्याकडे गॅरेजात इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डब्यात असतं, ते फुकट असतं, आणि फुकटची वस्तू अंगाला लागतेच. त्या ऑइलात काजळी असते, धातूचा चुरा असतो. त्यावर आमची धूळ बसली की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घरच्या घरी तयार होते. उरलेलं ऑइल चाक फिरताच मागे बसणाऱ्याच्या पायजम्यावर जातं. लग्नसराईत आमच्या भागातल्या कुठल्याही पांढऱ्या पायजम्याची डावी पोटरी तपासा. माणूस कुणाच्या गाडीवर आला ते सांगता येईल.

ही शिंतोड्यांची सोय कंपन्यांनी बंद करायचा प्रयत्न केला होता. साध्या गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर देतात. त्याच्या आत चेन धूळ-चिखलापासून बरीच वाचते. नीट राखली तर साधारण २०-२५ हजार किलोमीटर निघू शकते. उघड्यावर, आमच्या काळ्या मातीत, बिनतेलाची चेन याच्या निम्म्यावरही रडायला लागते. पण कव्हर वाजतं. एक बोल्ट पडतो, मग ते खडखडतं, आणि आठ-दहा रुपयांचा बोल्ट बसवण्याऐवजी अख्खं कव्हर काढून गोठ्याच्या आढ्याला अडकवलं जातं. शिवाय पोरांना उघडी चेन 'रेसिंग' दिसते. त्याच गाडीवर मग संत्र्याची दोन कॅरेट, तिघं जण आणि एक ओढणी जाते.

आम्ही बेफिकीर लोक आहोत असं कुणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकायचे, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. वर्षभर जू ओढलं, त्या खांद्याची चौकशी करायलाच पाहिजे. बैल कमी झाले, त्यांचं बरंच काम मोटरसायकलवर आलं; बीपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं तीच वाहते. दसऱ्याला तिची पूजा होते. हँडलला झेंडू, हेडलाइटला हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. ओढण्याचं काम जिच्या अंगावर पडतं त्या चेनपर्यंत कुणाचा हात पोचत नाही, कारण तिथे हात काळा होतो.

शेवटी मी सौसरला जाऊन नवी चेन मागितली. दुकानदार म्हणाला, सुटी नाही, पूर्ण किट घ्या: चेन, पुढची गरारी, मागची गरारी. इथे तो बरोबर होता, हे मला कबूल करावं लागलं. झिजलेल्या गरारीचे दात एका बाजूला वाकतात आणि नव्या चेनलाही लवकर खातात. घरचे मात्र एकमताने म्हणाले की दुकानदाराने गंडवलं. चेन मागितली असता दोन चाकं गळ्यात मारली. मिस्त्र्याने जुन्या गरारीकडे बघून "अजून एक साल निघाली असती" असा निर्वाळा दिला आणि ती स्वतःकडे ठेवून घेतली. चेनच्या लॉकची क्लिप मी स्वतः पाहिली. तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असावं लागतं. होतं. मिस्त्र्याला हे बघणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या गाडी वॉशिंग सेंटरवर घेऊन गेला. तिथे दाबाच्या पाण्याने चेनमधलं सगळं तेल धुऊन काढलं, एकही थेंब परत दिला नाही, आणि शाम्पू वेगळा लावला. गाडी अंगणात लावून तो म्हणाला, "पाहा काका, चेन कशी चमकून राह्यली." शाम्पूचे पैसे माझ्याकडून घेतले.